कौसल्यावहिनीचे हिरवे खड्डे

गावाचं नाव मी सांगणार नाही. पुसदपासून सात कोस, एवढं पुरे. आमची चार घरं अजून तिथं आहेत आणि त्यांना तिथंच दिवस काढायचे आहेत. मी पुसदला घर केलं, माझं काय जातं बोलायला!

कौसल्या माझी वहिनी, थोरला भाऊ श्रावण याची बायको. ठेंगणी, काळीसावळी, दातांना कायम मिश्री, आणि बोलणं असं की समोरच्यानं दोनदा विचार करूनच तोंड उघडावं. गावात तिला 'शेवाळवाली' म्हणत. हे नाव मारोतराव पाटलानं ठेवलं. पुढं त्याच शेवाळापायी मारोतरावाला सरकारी प्रमाणपत्र मिळालं आणि त्यानं ते काच लावून बैठकीत टांगलं. वहिनीला काय मिळालं ते सांगायलाच मी बसलो आहे. या प्रकरणात माझाही हात आहे. चांगला वळणदार अक्षराचा हात आहे, गावात तसं अक्षर दुसऱ्या कुणाचं नव्हतं.

छपन्नच्या दसऱ्याला आमच्या वस्तीतली माणसं नागपूरला जाऊन धम्म घेऊन आली. आल्यावर अकराही घरं एकत्र बसली आणि दोन गोष्टी ठरल्या. घरातले देव नाल्यात सोडायचे, आणि गावातलं मेलेलं ढोर यापुढे ओढायचं नाही. पहिली गोष्ट गावानं हसण्यावारी नेली. देव आमचे, नाला सरकारचा, त्यांचं काय जात होतं? दुसरी गोष्ट त्यांना कळली ती महिन्याभरानं, मारोतरावाचा बैल मेला तेव्हा.

ढोर ओढण्यात दादाचा हातखंडा होता. आडदांड शरीर, चौघांचं ओझं एकटा पेलायचा. गडी बोलवायला आला. दादा वाड्यावर गेला, दूर उभा राहिला आणि म्हणाला, "मालक, आता थे काम नाई होत."

एवढंच. ना घोषणा, ना भांडण. बैल दोन दिवस ढोरांच्या कोठ्यात पडून राहिला. तिसऱ्या दिवशी नाकाला धोतराचा सोगा बांधून पाटलाच्या भावकीनंच तो ओढत नेला, आणि चौथ्या दिवशी गावानं आमच्यावर बंदी घातली. दुकानातून मीठ नाही, चक्कीवर दळण नाही, वावरात काम नाही, गावतळ्याचं पाणी नाही. आमचं जनावर किंवा कोंबडं गावाच्या शिवारात दिसलं तर ते परत येणार नाही. वर निरोप असा की एक ढोर उचला, सगळं उघडं करतो. एकच उचला.

हे 'एकच' मोठं गोड होतं. वस्तीतले दोघेतिघे विरघळायला लागले होते. घरात पोरं रडत असली की तत्त्वं चुलीवर शिजत नाहीत. त्या रात्रीच्या बैठकीत बायका सहसा बोलत नसत, पण वहिनी बोलली.

"एक उचललं का मंग सगळेच उचला लागते. उपाशी मेलो त मेलो, पन कोनी उचलाचं नाई."

तिनं असं म्हटलं खरं, पण उपाशी मरू नये म्हणून काय करायचं हे तिलाही ठाऊक नव्हतं. मी तेव्हा सातवी पास होऊन मास्तरकीच्या नेमणुकीची वाट पाहत होतो. मी काय केलं? अर्ज केला. तहसीलदाराला एक, फौजदाराला एक, कलेक्टरला दोन. अर्ज लिहिणं हा मला तेव्हा जडलेला रोग होता. कागदावर नीट लिहिलं, खाली 'आपला नम्र' घातलं की जगाला ऐकावंच लागतं असा माझा पक्का समज होता. चारही अर्जांना पोच आली. पोच आली म्हणून मी वस्तीला ती वाचूनही दाखवली.

दादा पहाटे उठून चार कोसांवरच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावर मजुरीला जाऊ लागला. वहिनीकडे सहा कोंबड्या होत्या. त्यातल्या दोन चुकून पाटलाच्या खळ्यात शिरल्या. संध्याकाळी त्या आमच्या हद्दीत फेकलेल्या सापडल्या, माना मुरगळलेल्या. उरलेल्या चार वहिनीनं खुराड्यात कोंडल्या. कोंडलेल्या कोंबडीला खायला द्यावं लागतं. मोकळी असली तर ती उकिरड्यावर आपलं पोट आपण भरते. इथं माणसांना ज्वारी पुरत नव्हती, तिथं कोंबड्यांना कोण घालणार? कापून खाऊन टाकाव्यात असं आईनं सुचवलं. वहिनी एक दिवस थांबली.

आमच्या घरामागं एक खड्डा होता. भिंतींना माती काढून काढून झालेला. न्हाणीचं आणि भांड्यांचं पाणी त्यात साचायचं. त्या पाण्यावर हिरवी बारीक पानं तरंगायची, मसुरीच्या डाळीएवढी, एकाला एक चिकटून, की पाणी दिसूच नये. बेडूक उडी मारायचा तेव्हा कळायचं की खाली पाणी आहे. आमच्याकडे त्याला कुणी नावसुद्धा दिलेलं नव्हतं. घाण म्हणजे घाण. त्या दिवशी एक कोंबडी खुराड्यातून निसटली आणि थेट त्या खड्ड्याच्या काठावर जाऊन उभी राहिली. वहिनी तिला धरायला धावली आणि मध्येच थांबली. कोंबडी टकाटक ती पानं उचलत होती. दुपार टळेपर्यंत ती तिथून हलली नाही. वहिनीनं मग तिला धरून गळ्याखालची पिशवी चाचपली. टच्च भरली होती.

आठ दिवसांनी त्याच कोंबडीचं अंडं फोडलं तर आतला बलक केशरी निघाला. वहिनी ती वाटी घेऊन मला दाखवायला आली. मी पाचवा अर्ज लिहीत होतो. मी म्हटलं, "हो, हो, चांगलं आहे," आणि पुन्हा लिहायला लागलो.

वहिनी त्या पानांना 'टिकली' म्हणायला लागली. तिनं चार खड्डे खणले, गुडघाभर खोल. आतून काळी माती आणि शेण यांनी लिंपले, म्हणजे पाणी मुरू नये. पहिल्या खड्ड्यातली मूठभर टिकली दुसऱ्यात टाकली. पहिल्यांदा तिनं हौसेनं घमेलंभर शेण कालवलं. टिकली तीन दिवसांत सडली आणि अशी घाण सुटली की शेजारची म्हातारी शिव्या देत आली. मग शेण ओंजळीवर आलं. चैत्रात उन्हानं टिकली पांढरी पडली, तेव्हा तिनं खड्ड्यांवर पळसाच्या डहाळ्यांचा मांडव घातला. एकदा ती माहेरी चार दिवस राहिली, कुणी टिकली काढली नाही, आणि परत येते तो थरावर थर बसून खालचा कुजलेला. तेव्हापासून तिचा नियमच झाला. रोज सकाळी जुन्या चाळणीनं निम्मी काढायची, निम्मी ठेवायची. ठेवलेली निम्मी तीन-चार दिवसांत खड्डा पुन्हा भरून काढते. काढलेली एका पाण्यातून खळबळायची, थोडा कोंडा असेल तर त्यात कालवायची आणि कोंबड्यांपुढं टाकायची. मोठ्या खड्ड्यात दादानं नाल्यातले चार मासे आणून सोडले. तेही ही टिकली खाऊन बोटभराचे वीतभर झाले.

पाणी हीच खरी अडचण होती. तळं बंद, आणि नाल्यातल्या झिऱ्याचं पाणी प्यायलाच कमी. मग वहिनी घरोघर गेली आणि म्हणाली, तुमचं खरकटं पाणी मले द्या. बायका हसल्या. मग तिनं सगळ्यांच्या न्हाणीपासून एक दांड काढला, तो तिच्या खड्ड्यांपर्यंत. पुढच्या पावसाळ्यापर्यंत अकराही घरांमागं खड्डे झाले आणि अकराही घरांत खुराडी. ज्यांनी हसून घेतलं होतं त्याच बायका सकाळी चाळण्या घेऊन वहिनीला विचारायला यायच्या, "कौसल्याबाई, माही काहून पिवळी पडून राह्यली?" वहिनी जाऊन पाण्यात बोट बुडवायची, नाकाशी न्यायची आणि सांगायची. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई! आणि मी, सातवी पास, कागदावर कागद खरडत होतो.

अंडी विकायची कुठं? गावात कोण घेणार! दादा ज्या तांड्यावर मजुरीला जायचा तिथली रामीबाई दर आठवड्याला पुसदच्या बाजाराला जायची. हातभर बांगड्या, आरशांची फडकी, आवाज कोसभर जाईल असा. वहिनीची तिच्याशी गट्टी जमली. आमची अंडी रामीबाईच्या टोपल्यातून बाजारात जायची आणि तिकडून मीठ, रॉकेल, कोंडा, ज्वारी यायची. बाजारात कुणी विचारलंच तर रामीबाई ठणकावून सांगायची, तांड्याची अंडी आहेत.

याचं वहिनीला वाईट वाटायचं. एकदा तिनं बोलून दाखवलं, तर रामीबाई म्हणाली, "कोंबडीले जात विचारून अंडं खाते का कोनी? तू तुयं पोट भर, याडी. नाव मंग पाहू." याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई.

चौदा महिने बंदी टिकली. अठ्ठावनच्या सुरुवातीला कपाशी फुटली, आणि वेचायला माणूस मिळेना, तेव्हा गाव आपोआप नरमलं. बंदी उठली असं कुणी सांगितलं नाही. एका सकाळी पाटलाचा गडी वस्तीच्या तोंडाशी येऊन म्हणाला, येचाले या. तळ्याचं पाणी बंद ते बंदच राहिलं. पण त्या चौदा महिन्यांत आणि त्यानंतरही अकरातल्या एकाही घरानं एकही ढोर उचललं नाही. आमच्या आसपासच्या तीन गावांत लोक पोटापायी परत गेले होते. आमच्याकडे कुणी गेलं नाही, आणि ते कुणाच्या भाषणानं झालं नव्हतं. ते वहिनीच्या खड्ड्यांनी झालं. मला तिचा अभिमान वाटायचा, फार वाटायचा. तिथंच माशी शिंकली.

बासष्टमध्ये पंचायत समित्या आल्या. मी तेव्हा दोन कोसांवरच्या शाळेत मास्तर होतो, रविवारी घरी यायचो. कुठंतरी वाचलं की समितीकडून कोंबड्यांची योजना आहे: विलायती पांढऱ्या जातीच्या पन्नास कोंबड्या, जाळी, शिवाय शेततळ्यात सोडायला माशांचं बी. माझे हात शिवशिवले. वहिनीला न विचारता मी तीन पानी अर्ज लिहिला. खड्डे, चाळणी, निम्मं काढणं, निम्मं ठेवणं, केशरी बलक, सगळं सविस्तर. शेवटी लिहिलं की सदर महिलेनं हे स्वकष्टानं शोधून काढलं आहे.

आणि काय आश्चर्य, या अर्जाला माणूस आला. जीपमधून आला. तरुण विस्तार अधिकारी, धोतऱ्याच्या फुलासारखी पांढरी टोपी, नवा उत्साह. खड्ड्याच्या काठावर गुडघे टेकून बसला, पाण्यात कोपरापर्यंत हात घातला, टिकली तळव्यावर घेऊन पाहिली. साहेब माणूस वाईट असता तर मला आज शिव्या द्यायला सोपं गेलं असतं. तो वाईट नव्हता.

"बाई, हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"कोंबडीनं," वहिनी म्हणाली.

साहेब खळखळून हसला आणि त्यानं ते वहीत लिहून घेतलं. जाताना मला म्हणाला, "गुरुजी, आधी गावापुढं एक प्रात्यक्षिक घेऊ. सगळ्यांनी शिकलं पाहिजे. मग योजनेचं पाहू."

साहेब गेल्यावर वहिनी माझ्यापुढं येऊन उभी राहिली.

"भाऊजी, गावाले हे दाखवू नका."

"काहून?"

"त्यायच्याजवळ इहीर हाय, वावर हाय, ढोरं हायेत. आपल्याजवळ हे येवढंच हाय. थे बी त्यायले कायले देता?"

मी तिला ज्ञान लपवू नये यावर व्याख्यान दिलं. धम्मात असं बसत नाही म्हणालो. मग मनातलं बोललो. "वैनी, गाव आपल्या दारी येईन. मारोतराव तुमच्यासमोर सतरंजीवर खाली बसून शिकन. इचार करा!"

खरं सांगतो, मला तेच पाहायचं होतं. कोंबड्या, जाळी, योजना ही सगळी निमित्तं. आमच्या शेणानं सारवलेल्या अंगणात पाटील मांडी घालून बसला आहे आणि वहिनी उभी राहून त्याला समजावते आहे, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. पोटभर खायला मिळालं की माणसाला मानाची भूक लागते, आणि मला ती भस्म्या झाल्यासारखी लागली होती.

"त्यायले खाली बसवून आपल्याले काय भेटते?" वहिनी म्हणाली.

दादा बाजूला दोर वळत बसला होता. तो म्हणाला, "होऊ दे, कौसल्या. तो शिकेल हाय. त्याले समजते."

प्रात्यक्षिकाच्या दिवशी वस्तीनं काय तयारी केली! भिंतींना पांढरी माती, अंगणं सारवलेली, तांड्यावरून मागून आणलेल्या तीन सतरंज्या. मी पाटीवर सुवाच्य अक्षरात 'सुस्वागतम्' लिहून ठेवलं. सकाळी दहाला गडी निरोप घेऊन आला. प्रात्यक्षिक पाटलाच्या मळ्यात आहे, शेवाळवालीनं टोपलंभर शेवाळ घेऊन यावं. मी धावत साहेबाकडे गेलो. साहेब माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "गुरुजी, लोकांना वस्तीत यायची अडचण आहे. लोक येणं महत्त्वाचं, जागा कुठलीही असो."

आणि मी "बरं" म्हणालो. चार अक्षरं शिकल्याचा हा उपयोग. अडाणी असतो तर कदाचित भांडलो असतो.

वहिनी टोपलं डोक्यावर घेऊन निघाली. मळ्यात विहिरीजवळ सिमेंटचा मोठा हौद होता, बाजेवर, खुर्चीवर पन्नासेक माणसं. वहिनीला लांब लिंबाखाली टोपलं ठेवून मागं सरकायला सांगितलं. मग मारोतरावाच्या गड्यानं तांब्याभर पाणी टोपल्यावर शिंपडलं आणि ते उचललं. जे पान जन्मापासून पाण्यावर तरंगतं, त्याला पाणी शिंपडून शुद्ध केलं! साहेब त्या वेळी आपले कागद लावत होता. मीही दुसरीकडे पाहिलं.

साहेब समजावून सांगायला लागला. जिथं अडेल तिथं लिंबाकडे पाहून विचारायचा, आणि वहिनी तिथूनच उत्तर द्यायची. शेण किती, ऊन किती, किती दिवसांनी काढायचं. मला वाटलं, आता ही खोटं सांगेल. मी तिच्या जागी असतो तर घमेलंभर शेण घालायला सांगितलं असतं. तिनं एकही गोष्ट खोटी सांगितली नाही.

योजना मारोतरावाला मिळाली. अट होती: स्वतःच्या नावची जमीन, स्वतःची विहीर, पक्का हौद. वस्तीत कुणाच्याच नावावर जमीन नव्हती. या अटी माझ्या अर्जाला जोडलेल्या छापील नमुन्याच्या मागच्या बाजूला होत्या. मी, गावातला एकमेव सुवाच्य माणूस, मागची बाजू वाचलीच नव्हती. पुढच्या सव्वीस जानेवारीला मारोतराव पाटलाचा 'प्रगतिशील पशुपालक' म्हणून सत्कार झाला. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा. साहेबाची तोवर बदली झाली होती.

आता विहिरीवर इंजिन, हौदात हिरवीगार टिकली, शेततळ्यात मासे आणि जाळीत पांढऱ्या कोंबड्या. पन्नासाच्या तीनशे झाल्या. त्यांची मोठी पांढरी अंडी सायकलीवरून पुसदच्या हॉटेलांत जाऊ लागली. रामीबाईचं टोपलं बाजारातून भरलेलं परत यायला लागलं. एक दिवस तिनं ते वहिनीपुढं ठेवलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "कोनी घेत नाई, बाई. म्हनतात, लहान हाय, मळकं हाय."

वस्तीतले खड्डे एकेक करून आटले. चौसष्टपर्यंत वहिनीचे धरून चारच घरचे उरले. बाकीचे कामाला कुठं गेले? मारोतरावाच्या जाळीवर. टिकली कशी काढायची, कशी राखायची हे त्यांच्याइतकं कुणाला येत होतं? माणसं आमची, कसब आमचं, मालक तो. पुढं तांड्यावरची मजुरी तुटली आणि दादाही जाऊ लागला. वहिनीनं त्याला पहिल्याच दिवशी बजावलं, "शेवाळ काढाले जा. पन दुसरं काई उचलाले सांगतलं त घरी वापस ये."

"येईन," दादा म्हणाला.

पासष्टच्या वैशाखात मानमोडी आली. कोंबडी मान वाकडी करते, गरगर फिरते आणि मरते, म्हणून मानमोडी. पहिल्या दिवशी मारोतरावाच्या आठ मेल्या, दुसऱ्या दिवशी तीस. तिसऱ्या दिवशी जाळीत पाय ठेवायला जागा नव्हती. त्याच्या घरचे गडी नाकाला सोगा लावून दूर उभे राहिले. मेलेलं उचलणं त्यांचं काम नव्हतं. मग मारोतराव आमच्या माणसांकडे वळला.

पुढचं मला दादानंच सांगितलं. मारोतराव ओरडला नाही, शिवी दिली नाही. गोड बोलला. "श्रावण, हे काई ढोर थोडीच हाय? पाखरू हाय. टोपल्यात भर अन् नाल्याच्या खड्ड्यात टाकून ये." दादा उभाच राहिला. तेव्हा मारोतराव म्हणाला, "नसन जमत त जमत नाई. पन उद्यापासून वस्तीतल्या कोनीच येऊ नका."

सात घरं त्या जाळीवर जगत होती. ती सातही माणसं दादाकडे पाहायला लागली. वहिनीनं बजावलेलं त्याला आठवलं असेलच, पण घरी परत यायचं तर सात चुली विझवून यायचं होतं. दादा वाकला.

चार दिवस त्यानं मेलेल्या कोंबड्यांची टोपली वाहिली. रात्री घरी आल्यावर काही सांगितलं नाही. सांगायला लागलंच नाही. पाचव्या दिवशी वहिनीच्या कोंबडीनं मान टाकली. रोग दादाच्या पायांबरोबर, धोतराबरोबर घरात आला होता. वहिनीनं एकदा कोंबडीकडे पाहिलं, एकदा दादाच्या धोतराला चिकटलेल्या पांढऱ्या पिसाकडे पाहिलं, आणि सगळं तिच्या ध्यानात आलं. आठवड्यात तिच्या चौदाही कोंबड्या गेल्या.

मी रविवारी पोचलो तेव्हा ती घरामागं कोंबड्या पुरत होती. एकटी. दादानं फावडं घ्यायला हात पुढं केला तर तिनं त्याला शिवू दिलं नाही. तो दारापुढच्या सपरीत जाऊन बसला. मग माझ्या तोंडून काय निघावं?

"वैनी, मी समितीले अर्ज लिहितो. नुकसानभरपाई भेटन."

ती माती ओढत राहिली. मग सरळ उभी राहिली आणि माझ्याकडे पाहिलं. रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं.

"कोंबड्याचा लिहा, भाऊजी. पन तुमच्या भावानं मढं उचललं, थे कोन्या कागदानं खाली ठेवता?"

सपरीतून दादाचा आवाज आला. "ढोर नोतं, कौसल्या. पाखरू होतं."

तिनं पुन्हा फावडं उचललं. त्या पावसाळ्यात तिनं खड्ड्यांवरचे मांडव काढून चुलीत घातले. टिकली थरावर थर चढून कुजली, मग पुरात खड्डे मातीनं भरले. मी अर्ज लिहिलाच होता. त्याची पोच आली.

श्रावण महिना सरला आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारोतरावाचा बैल कोठ्यात मेला. सकाळी त्याचा गडी वस्तीच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. निरोप नाही, विनंती नाही, धमकीही नाही. त्यानं नुसती हाक मारली, "ए श्रावण्या!" नऊ वर्षांत अशी हाक कुणी मारली नव्हती.

वहिनी चुलीपाशी होती. तिनं भाकरी थापायची थांबवली. दादा उठला, आढ्याला अडकवलेला दोर काढला आणि कुणाकडे न पाहता बाहेर पडला. पोळ्याची सुट्टी होती म्हणून मी घरीच होतो. दारातच बसलो होतो, त्याला जायला वाट द्यावी म्हणून मी पाय आखडून घेतले.